काळी पाठ, तांबूस पाठ: फळमाशीची जात कशी ठरते?

हापूस बाहेरून अगदी निर्दोष दिसतो. नीट निरखलं तर सालीवर सुईच्या टोकाएवढा एखादा ठिपका सापडतो, आणि कापल्यावर आत पांढऱ्या अळ्या वळवळताना दिसतात. हे काम फळमाशीचं. घरात केळ्यांभोवती घोंघावणारी चिलटं वेगळ्या कुलातली. ती पिकून आंबू लागलेल्या फळावर येतात. फळमाशीची मादी मात्र झाडावरच्या फळाची साल भेदून आत अंडी घालते, म्हणून तिचं नुकसान उशिरा कळतं. तिला आवर घालण्यासाठी कोकणातल्या बागांत सापळे टांगतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा बागायतदारांच्या ओळखीचा आहे. अशा सापळ्यातल्या मेलेल्या माश्या कागदावर ओतून भिंगाखाली पाहिल्या, तर पहिल्या नजरेत सगळ्या एका साच्यातून काढल्यासारख्या वाटतात: पाठीच्या दोन्ही कडांना पिवळा पट्टा, त्यामागे पिवळं त्रिकोणी टोक, पोटावर इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखी काळी खूण, पंख काचेसारखे आणि त्यांच्या पुढच्या कडेला बारीक गडद रेघ. नजर पाठीवर गेली की मात्र घोळ सुरू होतो. भारत, श्रीलंका, बांगलादेश या पट्ट्यातल्या माश्यांमध्ये कुणाची पाठ काळी कुळकुळीत असते, कुणाची विटकरी तांबूस, तर कुणाची तांबूस पाठीवर मधोमध काळा भाल्यासारखा डाग असलेली. ही एकच जात आहे की दोन-तीन?

हा प्रश्न संग्रहालयातल्या टाचणीपुरता असता तर त्यावर एवढी भांडणं झाली नसती. मे २०१४पासून युरोपीय संघाने भारतीय आंब्याची आयात थांबवली, ती प्रामुख्याने फळमाश्या सापडल्यामुळे. बंदी उठली जानेवारी २०१५मध्ये. कोणता देश कोणतं फळ घेईल, त्यावर गरम वाफेची प्रक्रिया लागेल की लासलगावला होते तशी विकिरणाची, हे सगळं त्या फळात कोणत्या नावाची कीड असू शकते यावर ठरतं. माशीचं नाव बदललं की कागदपत्रं बदलतात, काही वेळा बाजारपेठच बंद होते. त्यामुळे पाठीच्या रंगावरून नवं नाव द्यायचं की नाही, याला पैशांत मोजता येईल इतकं वजन आहे. माझं म्हणणं असं, की रंगाला साक्षीदार म्हणून जरूर बोलवावं, पण दुसऱ्या कुणी दुजोरा दिल्याशिवाय त्याच्या एकट्याच्या जबानीवर जात ठरवू नये. फळमाशीच्या बाबतीत जवळपास दहा वर्षं नेमकी ती चूक होत राहिली.

रंग येतो कुठून?

कोशातून नुकतीच बाहेर पडलेली माशी फिकट आणि मऊ असते. पुढच्या काही तासांत तिचं बाह्यकवच कडक होतं आणि त्याच वेळी त्यावर रंग चढतो. कवच कडक होणं आणि रंगणं या दोन्ही गोष्टी बऱ्याच अंशी एकाच रासायनिक मालिकेतून होतात. प्रथिनांमधल्या टायरोसिन या घटकापासून डोपामिन तयार होतं. आपल्या मेंदूत निरोप्याचं काम करणारं रसायन ते हेच. कीटकाच्या कातडीत या डोपामिनला दोन वाटा मोकळ्या असतात. एका वाटेने त्याचं काळं-तपकिरी मेलॅनिन होतं. दुसऱ्या वाटेने त्याला आणखी एक रेणू जोडला जातो आणि पिवळसर, भुरकट द्रव्य तयार होतं. परातीत मळलेली कणीक तेवढीच असेल, तर पोळ्या जास्त लाटल्या की पुऱ्या कमी होणारच; तसंच हे. ‘एबनी’ नावाचं जनुक डोपामिनला पिवळ्या वाटेकडे वळवतं, ‘टॅन’ नावाचं जनुक ती जोडणी सोडवून त्याला परत काळ्या वाटेवर आणतं. यातल्या एखाद्या जनुकाचा जोर शरीराच्या एखाद्या भागात जरा कमी-जास्त झाला, की तेवढाच भाग काळा किंवा फिकट होतो. बाकी माशीत काहीही बदलत नाही. जाती वेगळ्या करायला निघालेल्या माणसाने ही गोष्ट आधी ध्यानात घ्यायला हवी, कारण डोळ्याला ठसठशीत दिसणाऱ्या फरकामागे अगदी किरकोळ आनुवंशिक बदल असू शकतो.

कधी कधी तेवढाही बदल लागत नाही. वर ज्या चिलटांचा उल्लेख आला, त्या ड्रॉसोफिला प्रजातीवर याचा भरपूर अभ्यास झाला आहे. (जवळच्या जातींचा गट म्हणजे प्रजाती, आणि अशा प्रजातींचं मिळून होतं ते कुल, या अर्थाने हे शब्द इथे वापरले आहेत.) ड्रॉसोफिला मेलॅनोगॅस्टर या जातीच्या अळ्या थंड जागेत वाढवल्या तर माद्यांच्या पोटाचे शेवटचे खंड गडद होतात, उबेत वाढवल्या तर फिकट राहतात, आई-बाप तेच, जनुकंही तीच. फ्रान्समध्ये जाँ डेव्हिड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरनिराळ्या तापमानांत माश्या वाढवून हा बदल खंडाखंडानुसार मोजला. दुसऱ्या टोकाला ड्रॉसोफिला किकावाई ही जात आहे. तिच्या माद्यांत गडद आणि फिकट असे दोन सरळ प्रकार दिसतात आणि तो फरक एकाच जनुकस्थानावर अवलंबून असतो. म्हणजे एकाच मादीच्या लेकींमध्ये दोन्ही रंग निघू शकतात. आपल्याकडे रोहतकच्या महर्षी दयानंद विद्यापीठात रवी प्रकाश यांनी भारतभरच्या मेलॅनोगॅस्टर माश्या गोळा करून दाखवलं, की सखल भागापेक्षा उंच डोंगरांतल्या माश्यांचं अंग जास्त गडद असतं आणि गडद माशी कोरड्या हवेत जास्त काळ टिकते, कारण तिच्या शरीरातलं पाणी हळू उडतं. इथे रंग हवामानाला दिलेलं उत्तर आहे, आणि उंचीबरोबर तो टप्प्याटप्प्याने बदलत जातो. एकाच जातीत वयाने, तापमानाने, एका जनुकाने किंवा प्रदेशाने इतका फरक पडत असेल, तर दोन रंग दिसताक्षणी दोन नावं देणं घाईचं ठरतं.

दिसायला एक, पण जाती दोन

उलट बाजूचाही पुरावा आहे, आणि तो शंभर वर्षं जुना आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आनुवंशिकीतज्ज्ञ मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेत मेलॅनोगॅस्टर माश्या बाटल्यांतून वाढवल्या जात होत्या. तिथल्या आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांना काही संकरांचे निकाल विचित्र आले: संततीत एकाच लिंगाच्या माश्या, आणि त्याही वांझ. शोध घेतल्यावर कळलं, की दिसायला तंतोतंत मेलॅनोगॅस्टरसारखी एक वेगळीच जात यात आहे. १९१९ साली त्यांनी तिला सिम्युलान्स असं नाव दिलं. दोन्हींच्या माद्या बाहेरून ओळखणं आजही कठीण जातं. नरांची जननेंद्रियं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर फरक चटकन दिसतो. त्यातला एक उंचवटा एका जातीत लहान आणि आकड्यासारखा, दुसरीत मोठा आणि शिंपल्यासारखा गोल. रंगाने इथे काहीच सांगितलं नसतं.

म्हणून रंग सरसकट निकालात काढायचा का? तसंही नाही. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या साओ टोमे बेटावर ड्रॉसोफिला याकुबा ही पोटाशी गडद असलेली माशी डोंगराच्या खालच्या भागात राहते, आणि तिची जवळची नातलग सँटोमिया वरच्या जंगलात. या दुसरीचं पोट पिवळं फिकट आहे, आणि काळा रंग जाण्यात ‘टॅन’ जनुकाचं नियंत्रण बिघडल्याचा मोठा वाटा आहे. २००० साली वर्णन झालेल्या या जातीबद्दल फारसा वाद झाला नाही, कारण रंगाच्या जोडीला इतर पुरावे होते: दोघींमधले संकरित नर वांझ असतात, जनुकांत दरी आहे, राहण्याची उंची वेगळी आहे. रंगाची रेघ आणि बाकी सगळ्या रेघा एकाच जागी पडल्या. फळमाशीच्या बाबतीत तसं झालं का, हाच खरा प्रश्न.

एका माशीला चार नावं

आंब्यावरची आपली मुख्य फळमाशी म्हणजे बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस. तैवानमधल्या नमुन्यांवरून हेंडेल यांनी १९१२ साली तिचं वर्णन केलं. बॅक्ट्रोसेरा प्रजातीत आज शेकडो जाती नोंदलेल्या आहेत आणि त्यातल्या बऱ्याच काळ्या-पिवळ्या, लहानशा गांधीलमाशीसारख्या दिसतात. १९९४मध्ये ड्रू आणि हँकॉक या ऑस्ट्रेलियात काम करणाऱ्या तज्ज्ञांनी आशियातल्या डॉर्सालिससारख्या माश्यांचा मोठा आढावा घेतला आणि त्यांच्या ५२ जाती मांडल्या. त्यातल्या ४० नव्या होत्या. काम दांडगं होतं आणि त्यातल्या अनेक जाती आजही टिकून आहेत. पण मलेशिया-इंडोनेशियातली पपायी आणि फिलिपिन्समधली फिलिपिनेन्सिस या दोन जाती डॉर्सालिसपासून वेगळ्या केल्या होत्या त्या अंडी घालायच्या नळीची लांबी आणि पट्ट्यांची रुंदी अशा बारीक मोजमापांवर. पुढे २००३मध्ये केनियात एक अनोळखी फळमाशी सापडली, ती बघता बघता आफ्रिकाभर पसरली, आणि तशीच माशी श्रीलंकेत असल्याचं आढळलं. २००५ साली तिला इन्व्हेडेन्स हे नाव मिळालं. तिची ठळक ओळख कोणती, तर पाठीचा रंग बदलता, काळ्यापासून विटकरी तांबसापर्यंत.

गोष्ट थोडी गमतीची आहे. एका जातीची ओळखच ‘रंग ठरलेला नाही’ अशी सांगितली गेली. पूर्व आशियातली डॉर्सालिस काळ्या पाठीची असा समज पक्का होता, म्हणून तांबूस पाठ दिसली की माशी वेगळी, असं धरलं गेलं. भारतीय उपखंडातल्या डॉर्सालिसची पाठ मुळात किती बदलते, हे मोजायचं काम त्या मानाने मागे पडलं होतं.

चौकट: सापळ्यातली माशी कोणती?
मिथाइल युजेनॉल या नरांना भुलवणाऱ्या रसायनाच्या सापळ्यात फक्त नर येतात, आणि तेही एकाच जातीचे नसतात. पंखाच्या पुढच्या कडेची गडद रेघ टोकापर्यंत अखंड गेली असेल तर माशी डॉर्सालिस किंवा तिच्या जवळच्या गटातली. रेघ मध्येच तुटून टोकाशी नुसता ठिपका उरला असेल तर झोनाटा किंवा करेक्टा. या दोघींत करेक्टाच्या चेहऱ्यावरच्या काळ्या खुणा आडव्या असतात, झोनाटाच्या गोल. झोनाटाचं अंग एकूणच तांबूस असतं, त्यामुळे नुसती पाठ पाहून तिची आणि तांबूस डॉर्सालिसची गल्लत होऊ शकते. पंख पाहिला की ती होत नाही.

पुरावे जमवताना

हा गुंता सोडवण्यात पुढाकार घेतला तो संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने. अणुऊर्जेचा आणि फळमाशीचा संबंध असा: कारखान्यात लाखो नर वाढवायचे, किरणोत्साराने त्यांना वांझ करायचं आणि बागांवर सोडायचं. रानातल्या माद्या त्यांच्याशी जुगल्या की अंडी उबत नाहीत. पण सोडलेले नर आणि रानातल्या माद्या एकाच जातीच्या नसतील तर सगळा खटाटोप पाण्यात. म्हणून २०१० ते २०१५ या काळात अनेक देशांतल्या प्रयोगशाळांनी मिळून या चारही ‘जाती’ आणि त्यांची नातलग कॅराम्बोली यांची सगळ्या अंगांनी तपासणी केली.

पहिली कसोटी मीलनाची. जाळीच्या मोठ्या तंबूत झाड ठेवायचं, दोन ठिकाणच्या नर-माद्या त्यात एकत्र सोडायच्या आणि संध्याकाळची वाट पाहायची, कारण या माश्या दिवेलागणीला जुगतात. कोणती माशी कुठली हे कळावं म्हणून त्यांच्या पाठीवर रंगाचा ठिपका लावतात. निसर्गाने दिलेला पाठीचा रंग कामाचा नाही म्हटल्यावर संशोधकांना तिथे आपला रंग लावावा लागला. मग जुळलेली एकेक जोडी छोट्या कुपीत उचलायची आणि मोजायची. डॉर्सालिस, पपायी, फिलिपिनेन्सिस आणि इन्व्हेडेन्स यांनी आपल्या-परक्यांत भेद केला नाही, आणि त्यांची पिल्लं व नातवंडंही धडधाकट निघाली. कॅराम्बोलीची तऱ्हा वेगळी होती. तिचं इतरांशी जुगणं कमी आढळलं आणि संकरित संततीची जगण्याची क्षमताही घटलेली दिसली.

दुसरी कसोटी वासाची, आणि हिची मुळं भारतात आहेत. बिहारमधल्या पुसा इथल्या कृषी संशोधन संस्थेत हाउलेट यांनी १९१२ साली नोंदवलं, की डास पळवायला वापरतात त्या सिट्रोनेला तेलाकडे फळमाश्यांचे नर झुंडीने ओढले जातात. त्यामागचं रसायन मिथाइल युजेनॉल असल्याचं पुढे त्यांनीच दाखवलं. तुळशीतही ते असतं. नर ते नुसतं हुंगत नाही, खातो, आणि त्यापासून मादीला भुलवणारा गंध बनवून गुदाशयातल्या ग्रंथीत साठवतो. चारही नावांचे नर त्यापासून तीच दोन रसायनं बनवतात. कॅराम्बोलीचा नर त्यातलं एकच बनवतो. जोडीदार निवडण्याशी याचा थेट संबंध असल्यामुळे या पुराव्याला पाठीच्या रंगापेक्षा जास्त वजन द्यायला हवं, असं मला वाटतं.

तिसरी कसोटी जनुकांची. इथे एक सावधगिरी हवी, कारण ‘डीएनए पाहिला की झालं’ असा आजकालचा सूर असतो. जाती ओळखायला सर्रास वापरलं जाणारं पेशीतल्या माइटोकॉन्ड्रियाचं एक जनुक डॉर्सालिस आणि कॅराम्बोली यांनाही खात्रीने वेगळं करू शकत नाही. एकट्या डीएनएच्या तुकड्यावर विसंबणं हे एकट्या रंगावर विसंबण्याइतकंच कच्चं. म्हणून अनेक जनुकं, गुणसूत्रांवरचे पट्टे आणि पंखांचे आकार एकत्र पाहिले गेले, आणि चार नावांमध्ये कुठेच स्वच्छ फट सापडली नाही. डॉर्सालिस आणि पपायी यांची हद्द थायलंडच्या चिंचोळ्या क्रा संयोगभूमीजवळ असल्याचं मानलं जाई. उत्तरेकडून दक्षिणेकडे ओळीने नमुने घेतल्यावर मापं हळूहळू सरकत गेली, तुटली कुठेच नाहीत. अशा उतरत्या बदलात रेघ कुठेही मारली तरी ती मारणाऱ्याच्या मर्जीची असते. मार्क शुट्झ आणि सहकाऱ्यांनी हे सगळे पुरावे मांडून २०१५मध्ये पपायी आणि इन्व्हेडेन्स ही नावं डॉर्सालिसमध्ये विलीन केली. फिलिपिनेन्सिस त्याआधीच पपायीत जाऊन बसली होती. कॅराम्बोली मात्र वेगळी राहिली.

आक्षेप आणि त्यांचं वजन

पहिला आक्षेप रास्त आहे: तंबूत कोंडलेल्या माश्या रानात जे करणार नाहीत ते करतील. कोंडून जुळवलेल्या जोड्यांवरून जात ठरवणं धोक्याचंच. पण इथे माद्यांना निवड होती. आपल्या ठिकाणचा नर आणि परका नर दोन्ही समोर असताना त्यांनी फरक केला नाही. त्याच पद्धतीने कॅराम्बोलीचा फरक मात्र टिपला. परकं ओळखता येईल इतकी ही कसोटी तिखट आहे, हे त्यावरून दिसतं. शिवाय रानातून पकडलेल्या माश्यांची जनुकं तंबूत तयार झालेली नाहीत, आणि तीही तेच सांगतात.

दुसरा आक्षेप ज्यांनी या जाती मुळात मांडल्या त्यांच्याकडून आला. ड्रू आणि रॉमिग यांनी २०१६मध्ये बाह्य खुणांच्या आधारे इन्व्हेडेन्सला पुन्हा स्वतंत्र स्थान दिलं. वर्षानुवर्षं हजारो माश्या हाताळलेल्या माणसाच्या नजरेला किंमत असते, आणि प्रयोगशाळेतल्या तरुणांनी ती झटकून टाकू नये. तरीही हा आक्षेप मला पटत नाही. नजरेला दिसलेला फरक खरा असेलही, पण तो जातीचा फरक आहे हे दाखवायला मीलन, गंध आणि जनुकं यांचे जमलेले पुरावे कुठे चुकले ते सांगावं लागतं. २०१७मध्ये अनेक संशोधकांनी मिळून नेमकं हेच उत्तर दिलं.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा: विलीन करून एखादी खरी वेगळी कीड नजरेआड झाली तर? आयात तपासणाऱ्या अधिकाऱ्याला जादा नावं असणं सुरक्षित वाटतं. हे अर्धंच खरं आहे. नावं फुगली तेव्हा आफ्रिकेतल्या शेतकऱ्याच्या फळांना ‘नव्या’ किडीच्या नावाखाली अडवलं गेलं, आणि आशियात त्याच माशीवर जमलेलं ज्ञान, म्हणजे तिला कोणत्या तापमानाची प्रक्रिया मारते, कोणता गंध भुलवतो, हे लागू धरावं की नाही याची खात्री उरली नाही. लपलेली जात शोधायची असेल तर त्यासाठी रंगापलीकडे जावं लागतं, आणि मग दोन्ही दिशांनी आश्चर्यं वाट्याला येतात. लुक लेब्लांक आणि सहकाऱ्यांनी २०१५मध्ये डॉर्सालिस गटाची जनुकीय वंशावळ तपासली, तेव्हा काळी पाठ, पिवळे पट्टे आणि ‘टी’ची खूण या सारखेपणावर एका गटात बसवलेल्या जाती प्रत्यक्षात वंशावळीच्या दूरदूरच्या फांद्यांवर निघाल्या. त्याच तपासात तांबूस पाठीची, काळ्या पाठीची आणि मधल्या छटांची डॉर्सालिस मात्र एकाच फांदीवर, एकमेकींत मिसळून बसलेली सापडली.